आलेली पावलं

१

सन २००६ च्या जानेवारीत नेसरीतली वीज संध्याकाळी सातला जायची आणि नऊला यायची. लोडशेडिंगचं ते वेळापत्रक पंचायतीच्या फळ्यावर लागलं तेव्हा सगळं गाव वैतागलं. संगमेश घुगरीनं मात्र ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली लाल शाईची रेघ मारली. त्या दोन तासांत रस्त्यावरचे दिवे, दुकानांच्या ट्यूबलाइटी, देवळावरचा हॅलोजन, सगळं विझायचं. आणि नेमक्या त्याच वेळी कृत्तिकांचा पुंजका त्याच्या गच्चीच्या डोक्यावर, किंचित उत्तरेला, येऊन उभा राहायचा.

संगमेश हायस्कूलच्या प्रयोगशाळेत परिचर होता. वय सेहेचाळीस. दुर्बीण त्यानं स्वतः बांधली होती. तीन इंची भिंग, ॲल्युमिनियमची नळी, मागच्या टोकाला जुना रशियन कॅमेरा. ताऱ्यांच्या चालीनं दुर्बीण फिरवायचं दातेरी चाक कोल्हापुरात लेथवर काम करणाऱ्या गुंडूनं करून दिलं होतं. देताना गुंडू म्हणाला होता की लेका, एवढ्या चाकात गुऱ्हाळ चाललं असतं, तू तारं गाळत बसणार.

मोटार नव्हती. हँडल हातानं फिरवावं लागे, चार मिनिटांत बरोबर एक फेरी. चाल चुकू नये म्हणून मोठ्या नळीला एक लहान दुर्बीण जोडलेली होती. तिच्यात केसासारख्या दोन तांब्याच्या तारांची फुली. फुलीवर एक तारा धरायचा, तो मुद्दाम जरा अस्पष्ट करायचा म्हणजे लहान गोल दिसतो, आणि त्या गोलाचे फुलीनं केलेले चार तुकडे वीस मिनिटं सारखे ठेवायचे. त्यासाठी संगमेश गच्चीवर घोंगडं टाकून उताणा झोपायचा. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला, डावा डोळा दुर्बिणीला, उजवा हात हँडलला. वीस मिनिटं मान वळवायची नाही.

घरात त्याचा एक नियम होता. डोळा दुर्बिणीला लागला असेल तेव्हा गच्चीवर कुणी टॉर्च आणायचा नाही आणि बोलायचं नाही. आलंच कुणी, तर गुपचूप खाली बसायचं. तो 'झालं' म्हणेल तेव्हा बोलायचं. त्याची बायको महानंदा अशी कितीदा तरी चहा घेऊन मागं बसून राहिलेली होती, आणि चहा गार झाला म्हणून नंतर त्याला बोललेली होती.

दोन हिवाळे गेले तरी कृत्तिकांचा फोटो साधला नव्हता. यंदा मुख्याध्यापकांनी विज्ञान दिनाला मोठा करून लावू म्हटलं होतं.

पण त्या दोन तासांत त्याच्याकडं आणखी एक काम होतं. महानंदा साडेसहा ते साडेआठ दूध संस्थेत दूध मोजून घ्यायला जाई, आणि तेवढा वेळ आईजवळ बसणं संगमेशकडं होतं. गंगव्वा, त्याची अव्वा, शहात्तर वर्षांची. दिवाळीपासून तिचं ध्यान हरवत चाललं होतं. दिवेलागणीला ती उठायची आणि 'जाते मी माझ्या घरला' म्हणून दाराकडं निघायची. तिचं घर म्हणजे कर्नाटक सीमेपलीकडचं माहेर, जिथं आता कुणीच उरलं नव्हतं. म्हणून संगमेश पुढचं आणि मागचं दार आतून लावून कुलूप घालायचा, तिला खाटेवर बसवायचा, कंदील लावून ठेवायचा आणि वीस मिनिटांसाठी वर जायचा. महानंदाला हे माहीत नव्हतं. तिला वाटे, तो साडेआठनंतर वर जातो.

जिन्याचं दार तेवढं उघडं राही. गुडघ्यांमुळं अव्वा दोन वर्षांत जिना चढली नव्हती, हा त्याचा आधार. आणि गच्चीच्या मागच्या, दक्षिणेच्या बाजूला अजून कठडा बांधलेला नव्हता. नुसत्या सळया उभ्या होत्या. खाली गोठ्यापुढची दगडी फरशी. दिवाळीच्या आधी बांधतो, असं तो दिवाळीच्या आधी म्हणाला होता.

२

एकोणीस तारखेला, गुरुवारी, त्यानं सात चाळीसला कॅमेऱ्याचा पडदा उघडणारी केबल दाबून अडकवली आणि हँडलाला हात घातला. हवा कोरडी होती. पुंजक्याशेजारी थोडं अंतर सोडून मंगळ तांबूस दिसत होता. खाली गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. कुणाच्या तरी घरी लहान मूल रडून थांबलं.

तिसरी फेरी चालू असताना फुलीवरचा गोल थरथरला.

मग पुन्हा. मग पुन्हा. त्यानं श्वास धरला. थरथर अगदी बारीक होती, पण तिला एक लय होती. मग कानांनाही ते ऐकू आलं. अनवाणी पावलं, आखूड, सावकाश. स्लॅबवरून कुणीतरी त्याच्याकडं येत होतं. घोंगड्यापासून हातभर अंतरावर पावलं थांबली. कापडाची सळसळ झाली आणि कुणीतरी खाली बसलं.

त्याला पहिल्यांदा महानंदाच वाटली, पण तिची चाल अशी नव्हती. म्हणजे अव्वा. गुडघे घेऊन चढली कशी कोण जाणे, पण ती आता बसली होती. बसलेलं माणूस कुठं जात नाही. राहिली होती आठ मिनिटं.

"बस अव्वा," तो हळूच म्हणाला. "हलू नको तिथनं."

उत्तर आलं नाही. घरातला नियम अव्वाच्या अजून ध्यानात आहे, याचं त्याला बरं वाटलं. मागचा श्वास त्याला ऐकू येत होता. हळू, एकसारखा. चढून आलेल्या म्हातारीचा श्वास असा असत नाही, हे तेव्हा त्याच्या मनात आलं नाही.

आठ वाजता त्यानं केबल सोडली, 'झालं' म्हटलं आणि मान वळवली.

गच्ची मोकळी होती.

तो तीन ढांगांत जिना उतरला. अव्वा खाटेवर होती. गुडघे पोटाशी घेतलेले, वाकळ अंगावर, नजर कंदिलाकडं. पायांचे तळवे त्यानं हातानं चाचपून पाहिले. गरम आणि कोरडे. गच्चीवरची सिमेंटची पूड त्यांना लागलेली नव्हती.

वहीत त्यानं लिहिलं : 'मि. ११ ते १२ मध्ये कंप. कारण : म्हैस खांबाला अंग घासते? स्लॅब गार होताना आवाज करतो?' शुक्रवारी त्यानं दुसरा फोटो घेतला. पुन्हा बाराव्या मिनिटाला पावलं, पुन्हा कुणीतरी बसलं. 'झालं' म्हणून वळला, तर कुणी नाही. वहीत त्यानं फक्त म्हशीपुढचं प्रश्नचिन्ह खोडलं.

३

शनिवारी शाळा अर्धाच दिवस होती. प्रयोगशाळेच्या अडगळीच्या खोलीत त्यानं रीळ धुतलं आणि वाळल्यावर खिडकीशी भिंगाखाली धरलं.

दुर्बिणीचा ध्रुवाकडचा नेम किंचित चुकलेला होता. त्यामुळं वीस मिनिटांत प्रत्येक तारा केसभर उत्तरेला सरकायचा आणि गोल ठिपक्याऐवजी इवलीशी रेघ उमटायची. हा दोष त्याला ठाऊक होता. आज त्या दोषाचा उपयोग झाला. रेघेचं एक टोक म्हणजे सात चाळीस, दुसरं आठ. मधली सगळी वीस मिनिटं क्रमानं त्या रेघेवर लिहिलेली होती.

आणि प्रत्येक ताऱ्याच्या रेघेवर, अर्ध्याच्या जरा पुढं, कंगव्यासारखे दात होते.

त्यानं मोजले. अकरा. पहिला जेमतेम दिसणारा, मग वाढत वाढत शेवटचा सगळ्यात लांब. जवळ येत गेलेल्या माणसाची अकरा पावलं. शुक्रवारच्या निगेटिव्हवर तसेच अकरा. पुंजक्यातल्या लहानमोठ्या प्रत्येक ताऱ्यावर तेच, तेवढेच.

म्हशीचं कारण तिथंच संपलं. म्हैस मोजून अकरा वेळा अंग घासत नाही.

तो बराच वेळ भिंगावर वाकून बसला. दातांच्या पुढं रेघ स्वच्छ होती, शेवटपर्यंत. एकही दात नाही. आलेली पावलं होती. गेलेली नव्हती. गुरुवारी नाही आणि शुक्रवारीही नाही.

आणखी एक गोष्ट होती. सगळे दात रेघेच्या डावीकडं वळलेले होते. याचा अर्थ लागेना, म्हणून रविवारी पहाटे, महानंदा सकाळच्या दुधाला निघायच्या आधी, त्यानं तिला गच्चीवर चालायला लावलं. एक तारा फुलीवर धरून तो घोंगड्यावर झोपला आणि तिला म्हणाला, जिन्याच्या दारापासून माझ्याकडं ये.

"माणसं सकाळी उठून देवाला प्रदक्षिणा घालत्यात," महानंदा म्हणाली. "मी तुमच्या नळकांड्याला घालायची व्हय?"

पण ती चालली. फुलीवरचा गोल प्रत्येक पावलाला उजवीकडं उडाला. त्यानं दोनदा चालायला लावलं. दोन्ही वेळा उजवीकडं.

"आता मागनं ये. सळयांकडनं. कडेला जाऊ नको, दोन हात अलीकडनं."

गोल डावीकडं उडाला.

संगमेश तसाच पडून राहिला. वर आकाश फिकं होत होतं. आत्ता त्याच्या ध्यानात आलं, आणि इतके दिवस कसं आलं नाही याचं नवल वाटलं. तो झोपला की जिना त्याच्या पायांकडं यायचा. पावलं मात्र दोन्ही दिवस डोक्याकडून आली होती. तिकडं ना दार, ना जिना. तिकडं गच्ची संपत होती.

"झालं का?" महानंदानं विचारलं. "बोलू का आता?"

४

एखादा माणूस यानंतर वर गेला नसता. संगमेशचा स्वभाव तसा नव्हता. दोन नोंदींवर निष्कर्ष काढायचा नाही, असं तो शाळेतल्या पोरांना सांगायचा. रविवारी आणि सोमवारी त्यानं जिन्याचं दार गच्चीच्या बाजूनं कडी घालून बंद केलं, कडेपर्यंत टॉर्च मारून पाहिलं, सगळी गच्ची रिकामी असल्याची खात्री केली आणि मगच झोपला.

दोन्ही दिवस बाराव्या मिनिटाला डोक्याकडून पावलं आली. आता तो मोजत होता. अकरा. मग सळसळ, आणि बसणं. सोमवारी बसताना त्याला हलकासा आवाज आला, जसं आधी बसलेलं माणूस नव्याला जागा करून देताना थोडं सरकतं.

'झालं' म्हणायला त्याला बराच वेळ लागला.

मंगळवारी सकाळी चूल पेटवता पेटवता महानंदानं विषय काढला.

"अव्वा काल मला इचारत हुती, वर कोन कोन आलंय. तुम्ही जवळ बसतासा न्हवं तिच्या?"

बसतो की, असं संगमेश म्हणाला.

"मग तिला वर न्हेतासा का काय? म्हणत हुती, चार झाली."

पलीकडं खाटेवर अव्वा पदराच्या टोकाला गाठी मारत बसली होती. तो तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. चार कोण, असं त्यानं तिला विचारलं, जमेल तितक्या सहज आवाजात.

अव्वानं त्याच्याकडं रागानं पाहिलं. "मला काय इचारतोस? तुझ्या मागं बसल्यात. लांबनं आल्यात बिचारी. च्या न्हाय, पानी न्हाय. ही काय रीत झाली, संगू?"

"त्यांना आत बोलाव मग," तो म्हणाला. तो हे का म्हणाला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"आत कसं घ्यायचं पानी दिल्याबिगर?"

ते अगदी खरं होतं. या घरात पाव्हण्याला उंबऱ्याबाहेरच गूळ-पाणी द्यायचं आणि मग आत घ्यायचं, ही अव्वाची जन्माची रीत. वसुलीला आलेल्या माणसालासुद्धा तिनं तसं सोडलं नव्हतं. ध्यान हरवलं तरी रीत हरवली नव्हती.

५

मंगळवार, बुधवार, गुरुवार तो वर गेला नाही. सात ते नऊ अव्वाच्या खाटेला टेकून बसला. कंदिलाची काच पुसली. सोमवारपर्यंतचं रीळ धुऊन झालं होतं. चार फोटो, चारही फोटोंवर अकरा अकरा दात, सगळे डावीकडं. जाणारा एकही नाही.

छतातून आवाज येतो का, तिकडं तो कान देऊन बसे. काही यायचा नाही. तेवढ्यानंच त्याच्या मनाला पुन्हा धीर येऊ लागला. अव्वानं 'चार' म्हटलं ते योगायोगानंही असेल. हँडल फिरवताना त्याच्याच मनगटाला कंप येत असेल. कानांचं म्हणाल, तर अंधारात वीस मिनिटं उताण्या पडलेल्या माणसाला स्वतःचं रक्तसुद्धा ऐकू येतं. एकच कोडं सुटत नव्हतं, डाव्या-उजव्याचं. एवढ्या एका कोड्यापायी दोन वर्षांची मेहनत सोडायची का?

अव्वा मात्र या तीन दिवसांत फार बेचैन झाली. बसल्या जागी ती आढ्याकडं बघायची आणि कुणाची तरी क्षमा मागितल्यासारखं पुटपुटायची. एकदा कानडीतून लाडानं 'बा, बा' म्हणत हात पुढं केला, जसं लहान पोरीला जवळ बोलवावं.

शुक्रवारी मुख्याध्यापकांनी विचारलं, सोमवारपर्यंत फोटो देतोस ना, मोठा करायला कोल्हापूरला पाठवायचाय. रविवारी अमावस्या. त्यानंतर संध्याकाळी चंद्र दिसू लागणार, आणि एक तारखेपासून लोडशेडिंगची वेळ बदलणार. संगमेश हो म्हणाला.

त्या संध्याकाळी त्यानं अव्वाच्या खोलीला बाहेरून कडी घालायची ठरवली. दार ओढून घेतलं तशी ती आतून दोन्ही हातांनी फळीला धरून रडायला लागली, लहान मुलासारखी, आवाज न करता. स्वतःच्या आईला कोंडायचं त्याच्या हातून झालं नाही. त्यानं दार उघडं ठेवलं, तिला निजवलं, वाकळ घातली. वीस मिनिटं, असं तो मोठ्यानं म्हणाला. तिला की स्वतःला, कोण जाणे. जिन्याच्या दाराला त्यानं या खेपेला कडी घातली नाही. खालून अव्वानं हाक मारली तर ऐकू यावी म्हणून.

६

बारा मिनिटं झाली. पावलं आली नाहीत.

तेरावं गेलं. गोल फुलीवर असा स्थिर होता, की जणू खिळ्यानं ठोकला होता. असा तो दोन हिवाळ्यांत कधी राहिला नव्हता. कुणी येत नव्हतं. मग, हँडलाची चौथी फेरी अर्ध्यावर आली असताना, संगमेशला कळलं की येण्यासारखं कुणी राहिलं नसेल. मागं श्वास होते. एकाचे नव्हते. एकात एक मिसळलेले, अगदी शांत, सभेला बसलेल्या माणसांसारखे.

वळायचं नाही, असं त्यानं ठरवलेलं होतं. सहा मिनिटं.

तेवढ्यात पायांकडं जिन्याचं दार करकरलं. पितळी तांब्यावर फुलपात्र हलल्याचा आवाज. मग दम लागलेला, कण्हणारा, ओळखीचा श्वास.

अव्वा चढून आली होती.

त्यानं त्याच क्षणी उठायला हवं होतं. पुढं कितीही वर्षं गेली तरी हा हिशोब त्याला चुकणार नव्हता. पण गोल स्थिर होता, आणि अव्वा आता इथं त्याच्याजवळ होती, ऐकू येत होती. ती त्याच्या शेजारून सावकाश डोक्याकडं गेली. तो हँडल फिरवत राहिला.

"घ्या," अव्वाचा आवाज आला, आर्जवी, पाहुण्यांपुढचा. "गूळ घ्या. लई येळ बसवून ठिवलं पोरानं."

फुलपात्रात पाणी ओतल्याचा आवाज झाला. मग प्याल्याचा. मग ती एक पाऊल सरकली. पुन्हा ओतलं. पुन्हा कुणीतरी प्यालं. प्रत्येक वेळी आवाज थोडा लांबून, थोडा दक्षिणेकडून. संगमेशचा हात फिरतच होता. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.

आणि मग तांब्या पडला. गच्चीवर नाही. मधे थोडा वेळ काहीच नव्हतं, आणि मग खाली, गोठ्यापुढच्या फरशीवर, घणघणत.

"अव्वा!"

तो उठला. हँडल सुटलं. इतका वेळ गोलाकडं लागलेल्या डोळ्याला समोरचं काही दिसेना. तो हात पसरून सळयांकडं धावला, आणि त्याच्या उजव्या हातात एक हात आला. बारीक, कोरडा. त्यानं तो घट्ट धरला. त्याला हायसं वाटलं. त्यानं तिला ओढत दारापर्यंत आणलं आणि जिना उतरायला लागला. एक पायरी, दुसरी, तिसरी. ती बरोबरीनं उतरत होती. न थांबता, न कण्हता, भिंतीला न धरता.

खालच्या पायरीवर तो पोहोचला तेव्हा वरून, गच्चीवरून, अव्वाचा आवाज आला.

"संगू, एकजन तुझ्यासंगट खाली गेली बघ. तिला पानी पोचलं न्हाय अजून."

त्याच वेळी, आठाच्या सुमाराला, वेळापत्रक सोडून, वीज आली.

जिन्याच्या तोंडाशी चाळीस वॅटचा दिवा होता. संगमेशनं फक्त आपल्या हाताकडं पाहिलं, तेही क्षणभर. त्याच्या मुठीत मनगट होतं. लहान पोरीचं म्हणावं असं. त्यावर हिरव्या टिंबांचं गोंदण, ताजं, आजच गोंदल्यासारखं, कडेनं कातडी सुजून लाल झालेली. मनगटाच्या वर काय होतं, ते त्यानं पाहिलं नाही. हात सुटला की त्यानं सोडला, हे त्याला आठवत नाही.

तो वर पळाला. रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात गच्ची लख्ख दिसत होती. घोंगडं, दुर्बीण, आणि टोकाला, दोन सळयांच्या मधे, पाठमोरी अव्वा. पायांची बोटं स्लॅबच्या बाहेर. त्यानं मागून तिला कवेत घेतलं आणि दोघंही मागं कोसळली.

"तांब्या पडला रं माझा," ती म्हणाली. बाकी तिला काही झालं नव्हतं.

७

महानंदाला सगळं कळलं. सगळं म्हणजे, तो आईला सोडून वर जायचा, एवढं. तिनं दुसऱ्याच दिवशी कठड्यासाठी गवंड्याला बोलावलं आणि जिन्याच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली स्वतःच्या मंगळसूत्राला अडकवली. संगमेशनं दुर्बीण खाली आणून पोत्यात बांधली. अव्वा वाचली होती. त्यापुढं फोटोचं काय, असं त्यानं मुख्याध्यापकांना सांगायचं ठरवलं.

रीळ मात्र कॅमेऱ्यात होतं, आणि अर्धवट नोंद ठेवणं त्याला जमत नसे. सोमवारी शाळेत त्यानं ते धुतलं.

पहिली काही मिनिटं, अव्वा वर येईपर्यंतची, इतकी नीट होती की त्याला हुंदका आला. मग अव्वाचे दात होते, जवळ येणारे आणि लांब जाणारे. मग तो उठला होता. पडदा उघडाच राहिलेला, हँडल फिरवायला कुणी नाही. त्यामुळं तारे फुलीवरून निसटले होते आणि प्रत्येकाची लांब सरळ रेघ झाली होती, वीज येऊन सगळं करडं होईपर्यंतची. रेघेच्या सुरुवातीला त्याची स्वतःची धाव होती, मोठे वेडेवाकडे दात, कडेकडं आणि परत दाराकडं. परतताना प्रत्येक मोठ्या दाताशेजारी एक लहान दात होता.

त्यानंतर, तो जिन्यात असतानाच्या जागेवर, आणखी दात होते. दाट, एकमेकांत घुसलेले, मेंढरं वाड्यात शिरावीत तसे. त्यानं चाळीसपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. हे सगळे उजवीकडं वळलेले होते. दाराच्या बाजूचे. दारापाशी लहान होत होत संपणारे.

म्हणजे शेवटी ती सगळी गेली होती. कडेवरून खाली नाही. जिन्यानं. तो खालच्या पायरीवर उभा असताना.

त्यानं निगेटिव्ह पाकिटात घातलं. पाकिटावर तारीख घातली.

संध्याकाळी सातला वीज गेली. महानंदा दूध संस्थेत होती. दारं बंद होती, जिन्याला कुलूप होतं. संगमेशनं कंदील लावला आणि अव्वाच्या खाटेवर, तिच्या पायांशी, बसला. आता तो इथून हलणार नव्हता, एक मिनिटसुद्धा नाही. अव्वा बऱ्याच दिवसांनी शांत होती. चेहरा धुतल्यासारखा उजळ दिसत होता. जाते माझ्या घरला, असं ती त्या दिवशी एकदाही म्हणाली नव्हती.

थोड्या वेळानं ती भिंतीकडं सरकली. वाकळ तिनं बाजूला सारून खाटेवर जागा केली आणि हातानं ती सारखी केली. मग संगमेशकडं पाहून, लहान पोराला सांगावं तसं, हलक्या आवाजात म्हणाली,

"ऊठ की बाळा. किती येळ उभ्या ऱ्हायच्या त्या?"

संगमेश उठला. खाटेची नवार हळूच ताणल्याचा आवाज झाला.